टाकीतलं तापमान, साखळीतली नोंद : आयओटी आणि ब्लॉकचेन पहिल्यापासून जोडताना

आमच्या मामाचं गावात दूध संकलन केंद्र आहे. हजार लिटरचा बल्क कूलर (दूध थंड ठेवणारी टाकी), सकाळ-संध्याकाळ दूध येतं, पहाटे टँकर येऊन घेऊन जातो. एकदा दुपारी डेअरीतून फोन आला की दूध उकळताना फाटलं, पैसे कापणार. मामा म्हणाला, टाकी रात्रभर ४ अंशांवर होती. तिकडचे साहेब म्हणाले, तुमच्याकडे लाइट गेली होती आणि जनरेटर उशिरा लागला. मामाने वही काढली. वहीत मामाच्याच अक्षरात दर तासाला ४, ४, ४. आता ती वही कोण मानणार? मी भाचा असूनही मला ती खरी वाटली नाही.

त्यानंतर मी जे जोडत बसलो ते इथे पायऱ्यांनी लिहितो. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवणारं, इंटरनेटला जोडलेलं एक छोटं यंत्र (अशा यंत्रांनाच आयओटी म्हणतात), आणि त्या नोंदी मागाहून कोणालाही, अगदी मामालासुद्धा, गुपचूप बदलता येऊ नयेत अशी सोय. सुटे भाग हजार रुपयांच्या आत येतात. बिटकॉइनसारखं कोणतंही नाणं विकत घ्यावं लागत नाही. प्रोग्रॅमिंग अजिबात येत नसेल तरी तयार उदाहरणं उतरवून, त्यात दोन-चार ओळी बदलून काम होतं.

आधी ठसा म्हणजे काय ते

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी असलेली, मागचं खोडता न येणारी नोंदींची साखळी. पण ब्लॉकचेन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बिटकॉइनचा भाव येतो. तो बाजूला ठेवा. आपल्याला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. कोणतीही फाइल एसएचए-२५६ या गणितातून काढली की ६४ अक्षरांचा एक ठसा मिळतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलमध्ये ४.१ चं ४.२ केलं की अख्खा ठसा बदलतो. ठशावरून मूळ फाइल मात्र काढता येत नाही.

हा ठसा अशा जागी टांगायचा, जिथे तो सगळ्यांना दिसतो आणि नंतर काढता येत नाही. जमीन घेताना वकील पेपरात जाहीर नोटीस देतात ना, तोच प्रकार. ही नुसती उपमा नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर वेळेचा शिक्का मारण्याची पद्धत मांडली, आणि १९९५ पासून त्यांची कंपनी दर आठवड्याला असा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापत असे. २००८ मधल्या बिटकॉइनच्या मूळ टिपणात एकूण ८ संदर्भ आहेत, त्यांतले ३ याच दोघांच्या कामाचे. आज पेपरच्या जागी बिटकॉइनची साखळी वापरायची, एवढाच फरक.

पायरी शून्य : हे लागतं का?

कंटाळवाणी पायरी आहे, पण इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

यंत्र तुमचं, माहिती तुमची, बघणारे तुम्हीच, असं असेल तर ब्लॉकचेन लागत नाही. साधी एक्सेल पुरते. घरातल्या पंख्याला, बल्बला, गिझरला साखळी जोडून काहीही मिळत नाही. २०१५ च्या सुमारास आयबीएम आणि सॅमसंगने ब्लॉकचेनच्या मदतीने आपली डिटर्जंट पावडर आपणच मागवणारं वॉशिंग मशीन दाखवलं होतं. तुमच्या ओळखीत कोणाकडे आलंय का ते?

सगळ्यांना मान्य असा एकच नोंद ठेवणारा असेल, तरीही लागत नाही. आपली द्राक्षं युरोपला जातात तेव्हा कोणत्या बागेतली पेटी आणि कोणती तपासणी, हे अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेटवर सापडतं. ते २००६ पासून चालू आहे आणि साध्या मध्यवर्ती डेटाबेसवर चालतं, कारण निर्यातदार, प्रयोगशाळा आणि सरकार सगळे अपेडाला मानतात. याच्या उलट मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स. जगभरच्या कंटेनरांचा माग ठेवायला ब्लॉकचेनवर उभं केलं होतं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. तंत्र चालत होतं, पण स्पर्धक कंपन्या हव्या तेवढ्या एका ताटात जेवायला बसल्या नाहीत.

वाद दोघांचाच असेल तर अजून सोपा उपाय आहे. यंत्राने दर तासाला ठसा समोरच्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा. बस. त्याच्याकडे ठसा आहे, तुमच्याकडे फाइल आहे, दोन्ही जुळले की झालं. साखळी कधी लागते? तिसरा माणूस उशिरा येतो तेव्हा. विमा कंपनी, कोर्ट, पुढच्या वर्षी दूध घेणारी दुसरी डेअरी. तेव्हा कोणाचा तरी फोन हरवलेला असतो, कोणी तरी मेसेज उडवलेला असतो. आमच्याकडे विमा मध्ये होता, म्हणून मी पुढे गेलो.

सामान

ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कॉम्प्युटरच), डीएस१८बी२० हा स्टीलच्या नळीतला पाण्यात चालणारा सेन्सर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी खोचायची पाटी), जम्पर वायर, आणि मोबाइलचा जुना चार्जर. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. यूएसबी केबल घेताना ती डेटा नेणारी आहे ना ते बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्डाचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही, आणि माणूस दोन तास ड्रायव्हर शोधत बसतो. आणखी एक, हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. राउटरवर नुसतं ५ गिगाहर्ट्झ चालू असेल तर नेटवर्क दिसणारच नाही.

डीएस१८बी२० चे नकली भाग बाजारात खूप आहेत. अस्सल सेन्सर उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो. तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बर्फ फोडून पेल्यात गच्च भरा, थोडंसं पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटं थांबा आणि सेन्सर बुडवा. शून्याच्या आसपास यायला हवं. दीड-दोन अंशांचा फरक पडला तर दुकानदाराला परत द्या. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर १०० ची वाट बघू नका, पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ लाच उकळतं.

जोडणी

सेन्सरची लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी जीपीआयओ ४ या नावाच्या पिनला. रेझिस्टर लाल आणि पिवळीच्या मध्ये. तो विसरलात तर उणे १२७ अंश दिसेल. ती थंडी नव्हे, सेन्सर सापडत नाही असं सांगायची लायब्ररीची, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या तयार प्रोग्रॅमची, ती पद्धत आहे. काही सेन्सरच्या वायरींचे रंग वेगळे असतात, विक्रेत्याचा कागद एकदा वाचा.

कॉम्प्युटरवर आर्डुइनो आयडीई हे बोर्डात प्रोग्रॅम भरायचं सॉफ्टवेअर टाका, त्यात ईएसपी३२ चं पॅकेज आणि वनवायर व डलास टेम्परेचर या दोन लायब्ररी उतरवा. लायब्ररीबरोबर आलेलं साधं उदाहरण, त्यात पिनचा क्रमांक ४ करून, चालवलं आणि तापमान पडद्यावर दिसलं की अर्धं काम झालं. पहिला आठवडा हे घरच्या फ्रिजमध्ये ठेवा. दार उघडलं की आकडा कसा उडी मारतो ते बघण्यात मजा आहे आणि शिक्षणही.

टाकीवर नेताना प्रोब, म्हणजे सेन्सरची नळी, थेट दुधात सोडू नका. टाकीला तापमापकासाठी खोबण असते, तिच्यात घाला.

नोंदीची ओळ कशी लिहायची

दर पाच मिनिटांनी एक ओळ, म्हणजे दिवसाला २८८. ओळीत पाच गोष्टी : यंत्राचं नाव, ओळीचा अनुक्रमांक, वेळ, तापमान आणि मागच्या ओळीचा ठसा. या सगळ्याचा मिळून नवा ठसा काढायचा आणि तो पुढच्या ओळीत घालायचा. ईएसपी३२ वर यासाठी एम्बेडटीएलएस ही लायब्ररी तयार मिळते. मधली एक ओळ बदलली की तिचा ठसा बदलतो, मग पुढचीचा, आणि शेवटपर्यंत सगळं विस्कटतं. मोत्यांच्या सरात मधला मणी बदलायला सर तोडावाच लागतो, तसं.

तीन खड्डे सांगतो, तिन्हींत मी पडलोय.

तापमान दशांश चिन्हासकट लिहू नका. एक प्रोग्रॅम ४.१ लिहितो, दुसरा ४.१०. माणसाला दोन्ही सारखेच, पण ठसे पूर्ण वेगळे. मी आता ४.०६ ला ४०६ लिहितो, शंभराने गुणून.

वेळ इंटरनेटवरून घ्या आणि ती खरंच मिळाली का ते तपासा. नेट नसताना बोर्ड चालू झाला तर त्याच्या लेखी साल १९७० असतं. माझ्या पहिल्या फाइलमध्ये मामाची टाकी १ जानेवारी १९७० ला थंड होती, मामाचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं. वेळ मिळाली नसेल तर यंत्राने थांबावं, किंवा ओळीत स्पष्ट 'वेळ नाही' लिहावं.

तिसरा खड्डा ८५ चा. वीज आल्या-आल्या, पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत सेन्सरला विचारलं तर तो ८५ अंश सांगतो. ती त्याची सुरुवातीची ठरलेली किंमत आहे. पूर्ण बारकाईने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. माझ्या प्रोग्रॅमने तेवढी वाट पाहिली नाही. रात्री लाइट गेली, आली, आणि नोंद झाली : ८५.००. त्याचा ठसा साखळीत गेला. सकाळी टँकरवाल्याने मोबाइलवर आलेख बघितला आणि मामाला विचारलं, "दादा, रात्री बासुंदी आटवत होता काय?"

ती नोंद काढता आली नाही. काढता येऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप. मग काय करायचं? तलाठ्याकडचा गाव नमुना ६ आठवा. जुना फेरफार कोणी खोडत नाही, चूक निघाली तर नवा फेरफार धरतात. तसंच इथे : खाली नवी ओळ, 'अनुक्रमांक अमुक चुकीचा, कारण सेन्सर नुकताच चालू झाला होता'. पहिल्या दिवसापासून दुरुस्तीच्या ओळीसाठी एक प्रकार राखून ठेवा. आणि ८५ व उणे १२७ हे दोन आकडे दिसले तर पुन्हा मोजायला लावा.

नेट गेलं तर ओळी बोर्डाच्याच फ्लॅश मेमरीत साठवा, नेट आलं की पाठवा. खेडेगावात नेट जाणार हे धरूनच चाला.

ठसा टांगणं

ओळी बोर्डावरून घरातल्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर यायला हव्यात. त्यासाठी एमक्यूटीटी ही निरोप पाठवायची पद्धत आणि मॉस्किटो हा मोफत सर्व्हर वापरा. पोर्ट (जोडणीचं दार) १८८३ वर कुलूप नसतं, त्याऐवजी ८८८३ वर कुलूपबंद जोडणी करा. पासवर्ड आल्या दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. हे यंत्र राउटरच्या गेस्ट नेटवर्कवरच ठेवा.

आता टांगायचं कुठे. नवशिक्यासाठी माझी शिफारस ओपनटाइमस्टॅम्प्सची आहे, ही ठशावर वेळेचा शिक्का मारून देणारी मोफत सेवा आहे. तुमची फाइल कुठेही जात नाही, फक्त ठसा जातो. तिथे जगभरातून आलेले हजारो ठसे जोडीजोडीने एकत्र करून शेवटी एकच ठसा उरवतात. या झाडासारख्या रचनेला मर्कल ट्री म्हणतात. तो एक ठसा बिटकॉइनच्या एका व्यवहारात जातो. तुमच्या हाती ओटीएस नावाची छोटी फाइल येते, ती मूळ फाइलशेजारी जपून ठेवा. त्यांच्या साइटवर फाइल ओढून टाकली तरी चालतं, पायथॉनमधला प्रोग्रॅम बसवला तर 'स्टॅम्प', 'अपग्रेड', 'व्हेरिफाय' असे तीनच हुकूम लक्षात ठेवायचे.

'अपग्रेड' विसरू नका. स्टॅम्प केल्या-केल्या मिळालेली फाइल कच्ची असते. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी निघतो, पण आपला ठसा ब्लॉकमध्ये पक्का व्हायला काही तास जाऊ शकतात. दुसऱ्या दिवशी अपग्रेड केलं की फाइल पक्की होते. मी हे पहाटे आपोआप चालेल असं लावलंय.

किती वेळाने टांगायचं? ठशातून एवढंच सिद्ध होतं की ही फाइल अमुक वेळेच्या आधी अस्तित्वात होती. दिवसातून एकदाच टांगलं तर त्या दिवसाचे चोवीस तास हात मारायला मोकळे राहतात. टँकर पहाटे येतो आणि भांडण त्यानंतर होतं, म्हणून मी दर तासाला टांगतो, १२ ओळींचा एक ठसा.

प्रत्येक नोंद स्वतंत्र व्यवहार म्हणून साखळीवर टाकायचा मोह आवरा. पाच मिनिटांनी एक म्हणजे वर्षाला १,०५,१२० व्यवहार. इथेरियम या दुसऱ्या साखळीवर साध्यातल्या साध्या व्यवहाराला २१,००० गॅस (कामाचं माप, त्यावर फी ठरते) लागतो, त्याचे पैसे कोण भरणार? स्मार्ट काँट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, शिकायचंच असेल, उदाहरणार्थ तापमान ८ च्या वर गेलं की दोघांनाही दिसेल अशी सूचना, तर सेपोलिया या सरावाच्या साखळीवर शिका. तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांना किंमत नसते. खऱ्या नाण्यांच्या नफ्यावर आपल्याकडे २०२२ पासून ३० टक्के कर आहे, दुधाच्या टाकीसाठी त्या भानगडीत पडायचं कारण नाही.

जे साखळी करू शकत नाही

उद्या मामाने प्रोब काढून बर्फाच्या पेल्यात ठेवला तर? यंत्र इमानदारीने शून्य अंश नोंदवेल, ठसा काढेल, बिटकॉइनमध्ये टांगेल. खोटं कायमचं जपलं जाईल. साखळी नोंद बदलू देत नाही, नोंद खरी आहे का हे तिला कळत नाही. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात, टाकीपाशी उभं राहिलं की सगळा प्रश्न हाच असतो.

यावर मला सापडलेला उत्तम इलाज दुधाचाच आहे. भरत्या टाकीचा आलेख कधीही सरळ नसतो. सकाळी कोमट दूध ओतलं की तापमान वर चढतं, मग दीड-दोन तासांत हळूहळू खाली येतं, संध्याकाळी पुन्हा तेच. रात्री कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तशा बारीक लाटा येतात. पेल्यातला बर्फ हे नाटक करू शकत नाही. सरळ रेघ दिसली की समजायचं, काहीतरी गडबड आहे. याच्या जोडीला कॉम्प्रेसरच्या वायरीला वीज मोजणारी क्लिप लावली की दोन आलेख एकमेकांची साक्ष देतात. प्रोबच्या तोंडाशी सील लावा, सीलचा नंबर नोंदीत लिहा आणि ते डेअरीच्या माणसासमोर लावा.

यंत्राची सही हवी असेल तर एटीईसीसी६०८ ही चिप मिळते, तिच्यात गुप्त किल्ली बंद राहते, बाहेर वाचता येत नाही. एक अडचण आधीच सांगतो : ती पी-२५६ या वक्रावर (सहीमागचं गणित) सही करते आणि इथेरियमच्या खात्याचा वक्र वेगळा. तेव्हा चिपने नोंदीवर सही करावी, व्यवहार दुसऱ्या खात्यातून पाठवावा. हे पहिल्या महिन्यात करू नका.

माणसांची माहिती साखळीवर कधीच टाकू नका. घरच्या वीज मीटरच्या नोंदींवरून घरात कोणी आहे की नाही हे शेजारच्या पोरालाही ओळखता येतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात आपली माहिती खोडून घ्यायचा हक्क आहे, आणि साखळीवरून खोडता येत नाही. नुसता ठसा टाकला म्हणजे सगळं झाकलं असंही नाही. उणे १० ते ५० अंशांत शंभरावा भाग धरला तरी साधारण ६,००० च आकडे होतात, ते सगळे करून बघत ठसा जुळवायला कॉम्प्युटरला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागतो. म्हणून ठसा काढण्याआधी ओळीत एक लांबलचक गुप्त यादृच्छिक आकडा मिसळतात. त्याला खरंच मीठ म्हणतात, सॉल्ट.

रंगीत तालीम

भांडण व्हायच्या आधी एकदा खोटं भांडण करा. आम्ही डेअरीच्या सुपरवायझरला बोलावलं, चहा दिला, आणि मागच्या मंगळवारची फाइल त्यांच्याच लॅपटॉपवर दिली. माझ्या लॅपटॉपवर तपासून दाखवण्याला काही अर्थ नाही. त्यांनी फाइल आणि ओटीएस फाइल साइटवर टाकली, हिरवी खूण आली. मग मी म्हटलं, आता तुम्हीच कुठला तरी एक आकडा बदला. त्यांनी ४१२ चं ४१३ केलं. जुळत नाही असं आलं. त्यांनी परत ४१२ केलं, पुन्हा हिरवं. हे त्यांनी चार वेळा करून पाहिलं.

पुढे प्रकरण कोर्टात गेलंच तर : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहायची जागा आहे. एसएचए-२५६ चं नाव तिथे छापलेलंच आहे. वकिलाला हे दाखवा, त्याचंही काम हलकं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बर्फाच्या पेल्याची तपासणी पुन्हा करा आणि तिचा आकडाही नोंदीत घाला. आणि फाइलींची एक प्रत घराबाहेर ठेवा. साखळीवर फक्त ठसा आहे, हार्ड डिस्क गेली तर जुळवायला फाइलच उरणार नाही. मामाची प्रत आमच्याकडे पुण्यात असते, मामीला विचाराल तर एक तिच्या कपाटातही आहे, साड्यांच्या खाली, पेनड्राइव्हमध्ये.